निवतीच्या समुद्रातील ‘गुलदार’

आयंबिल ओळीच्या दिवसांत श्रीपाळ-मयणासुंदरीचे चरित्र आपल्या घरांतून वाचले जाते. धवल शेठ लोभापायी श्रीपाळाला जहाजावरून समुद्रात लोटतो; नवपदांचे स्मरण करणाऱ्या श्रीपाळाला मगरमत्स्य पाठीवर घेतो आणि कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्यास, आणून पोहोचवतो. ठाण्याच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला ‘कोकण शत्रुंजय’ हे नाव लाभले ते या कथेच्या संबंधाने. ज्ञाताधर्मकथांगात माकंदी सार्थवाहाच्या दोन पुत्रांची कथा आहे. जिनपालित आणि जिनरक्षित अकरा वेळा लवणसमुद्र ओलांडून धन मिळवून आले. आईवडिलांनी नको म्हटले असताना बाराव्यांदा निघाले. जहाज फुटले आणि एका फळीच्या आधाराने ते रत्नद्वीपाला लागले.

व्यापारी समाजाच्या कथांत समुद्र असा येणारच. परंतु या कथांतील समुद्र नेहमी पृष्ठभागावरूनच पाहिलेला असतो. फुटून तळाशी गेलेल्या त्या जहाजाचे पुढे काय झाले, हे श्रोता विचारीत नाही आणि कथाकारही सांगत नाही. श्रीपाळ ज्या कोकणच्या किनाऱ्याला लागला, त्याच कोकणच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, हा प्रश्न आता मुद्दाम विचारला जात आहे. आणि तोही व्यापारी जहाजाबद्दल नव्हे, तर युद्धनौकेबद्दल.

‘गुलदार’ म्हणजे बिबट्या. नाशिककरांना बिबट्याची ओळख करून द्यावयास नको. या नावाची नौका पोलंडमध्ये बांधली गेली आणि ३० डिसेंबर १९८५ रोजी तेथील ग्डिनिया बंदरात भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी जेमतेम १० मीटर, तळ सपाट. हिचे काम तोफा डागीत समुद्रावर फिरण्याचे नव्हते. रणगाडे आणि सैनिक पोटात घेऊन थेट वाळूच्या किनाऱ्यावर नाक टेकवायचे, पुढचे दरवाजे उघडायचे, उतरंड टाकायची आणि सैन्य जमिनीवर उतरवायचे, अशा कामासाठी ती घडवली होती. ‘चीता’ आणि ‘कुंभीर’ या तिच्या जोडीच्या नौका. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेत या नौकांचा वाटा होता आणि २००४ च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्यातही होता. तिघींनी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैल प्रवास केला आणि १३०० हून अधिक वेळा किनाऱ्यावर नाक टेकवले. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे सूर्यास्ताच्या वेळी तिघींवरील ध्वज एकाच दिवशी उतरवण्यात आला.

एरवी अशा नौकेची पुढची वाट भंगाराची. आपल्यापैकी लोखंडाच्या व्यवसायात असलेल्यांना ती वाट चांगली ठाऊक आहे: लिलाव, कापणी, रोलिंग मिल. ‘गुलदार’चे तसे झाले नाही. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कारवार येथे नौदलाने ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन केली. निवती रॉकजवळच्या समुद्रात तिला विधिपूर्वक बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करावयाची, अशी ही योजना असून केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून जवळच आहे आणि तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवणारी महामंडळाची संस्थाही आहे. जागेची निवड त्यामुळे सहज समजण्यासारखी आहे.

जहाज बुडवणे म्हणजे तळाला छिद्र पाडून मोकळे होणे, असा एक समज असतो. वस्तुतः बुडवण्यापूर्वीचेच काम अधिक मोठे असते. टाक्यांतील तेल आणि वंगण, विजेच्या तारांवरील वेष्टने, सैल झालेला रंग, लाकूड, प्लास्टिक, काच, हे सर्व काढून टाकावे लागते. कारण जे राहील ते पुढे पाण्यातच उतरणार असते. दारे उचकटली जातात. भिंतींना माणूस सहज बाहेर पडेल एवढी भगदाडे पाडली जातात, म्हणजे आत गेलेल्याला उजेड दिसत राहील आणि प्रवाहही आरपार वाहील. त्यानंतर पाणी आत घेत नौका अशा बेताने खाली सोडावयाची की ती कलंडू नये, तळावर सरळ बसावी. सपाट तळाच्या ‘गुलदार’सारख्या नौकेला ही गोष्ट तुलनेने सोपी.

पुढे काय घडते, हे पाहण्यासाठी आपल्याला थंड पाण्याच्या देशात जावे लागेल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलजवळ व्हिटसँड बे नावाचा उपसागर आहे. प्लिमथच्या राष्ट्रीय मत्स्यालयाने ब्रिटिश संरक्षण खात्याकडून ‘स्किला’ ही ११३ मीटर लांबीची फ्रिगेट दोन लाख पौंडांना विकत घेतली आणि २७ मार्च २००४ रोजी या उपसागरात सुमारे २५ मीटर खोलीवर बुडवली. तेथे पाणी हिवाळ्यात आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता कित्येक पटींनी वेगाने ओढून घेते. त्यामुळे तेथील पाणबुडे जाड रबरी पोशाख घालतात, किंवा पाणी मुळीच आत येणार नाही असा पूर्ण कोरडा पोशाख घालून आत लोकरीचे कपडे चढवतात. पाणी हिरवट, गढूळ. कित्येकदा पाच-सहा मीटरच्या पुढचे काही दिसत नाही. नौकेचा नांगर-साखळदंड दिसेपर्यंत नौका आहे की नाही याचीच खात्री नसते. आणि तरीही माणसे जातात.

शास्त्रज्ञांनी या नौकेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. काही आठवड्यांतच उघड्या पोलादावर बार्नॅकल, नळीतले कृमी आणि केसांसारखे सूक्ष्म जीव चिकटले. मग शिंपल्यांचा थर चढला. मग तारामासे आले आणि त्यांनी तो थर बराचसा फस्त केला. मोकळ्या झालेल्या जागी समुद्रफुले आणि स्पंज आले. पाच वर्षांत अडीचशेहून अधिक जातींची नोंद झाली. ज्या कक्षात अधिकारी नकाशे उलगडून बसत, तेथे आता मासे वस्तीला आहेत. सृष्टीचा हा क्रम केवळ मोहक नाही, हे ध्यानात घ्यावे. तेथे एक जीव दुसऱ्यावर जगतो. जलचर तिर्यंचांच्या दुःखाचे जे वर्णन आपण प्रवचनांत ऐकतो, ते या पोलादी भिंतीवरही चालूच असते. ‘स्किला’ला स्वर्ग म्हणणाऱ्या पर्यटन-पत्रिका हे सांगत नाहीत.

त्या दुसरीही एक गोष्ट सांगत नाहीत. नौकेच्या आत वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पोलाद गंजले, भिंती ढासळू लागल्या. आत शिरलेले काही पाणबुडे परत आले नाहीत. गाळ एकदा उसळला की दिवा असूनही हात दिसत नाही आणि आलेली वाट सापडत नाही. आता आत शिरू नये अशीच सूचना दिली जाते. बाहेरून पाहावे, वरच्या डेकवरून फिरावे, परतावे.

बुडालेली प्रत्येक युद्धनौका पाहण्याची वस्तू नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कने बेटांत, स्कापा फ्लो नावाचे थंडगार नैसर्गिक बंदर आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे नजरकैदेत असलेले जर्मन आरमार त्याच्याच अधिकाऱ्यांनी २१ जून १९१९ रोजी बुडवले. ७४ पैकी ५२ नौका तळाशी गेल्या. बहुतेक पुढे वर काढल्या गेल्या, उरलेल्या मोजक्या नौका पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येतात. त्याच बंदरात ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौकाही आहे. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने ती बुडवली आणि ८०० हून अधिक माणसे गेली. तिच्याजवळ जाण्यास मनाई आहे. वर्षातून एकदा नौदलाचे पाणबुडे उतरतात, ध्वज बदलतात आणि वर येतात. पाणी तेच, थंडी तीच. एका नौकेवर पर्यटन चालते आणि दुसरी समाधी आहे.

आपल्याकडे तशी समाधी दीवच्या समुद्रात आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’ने सोडलेल्या टॉर्पेडोने ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीवला गेलेल्या आपल्या यात्रेकरूंनी किनाऱ्यावरील स्मारक पाहिले असेल. ‘गुलदार’ या अर्थाने मोकळी आहे. ती रिकामी बुडवण्याची आहे. तिच्या तळमजल्यात कोणाचे हाड पडलेले नसेल. तेथे उतरणाऱ्याच्या मनावर तो भार असण्याचे कारण नाही.

तर मग ही जीवदया म्हणावी काय? शस्त्रवाहू नौकेने आयुष्याच्या शेवटी माशांना आसरा द्यावा, ही कल्पना आपल्या मनाला पटकन भिडते. ‘समुद्रातले पांजरापोळ’ असा शब्दही ओठावर येतो. मला तो घाईचा वाटतो. चुंचाळ्याच्या पांजरापोळाला कुंपण आहे, चारा आहे, रात्रंदिवस देखरेख आहे. समुद्रात कुंपण नसते. आडोसा मिळाला की चहूकडून मासे तेथे गोळा होतात. आणि मासे कोठे गोळा होतात हे जाळे टाकणाऱ्याला सर्वांत आधी कळते. बुडवलेली जहाजे मासे वाढवतात की विखुरलेले मासे फक्त एका जागी आणतात, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद आहे. दोन्ही गोष्टी घडतात, असे साधारण दिसते. कोणती अधिक घडेल, हे त्या जागी मासेमारी होते की नाही यावर पुष्कळसे अवलंबून असते. अणकुचीदार पोलादात जाळे अडकून फाटते, म्हणून मोठे ट्रॉलर अशा ठिकाणापासून दूर राहतात. तेवढे रक्षण आपोआप होते. गळ टाकणाऱ्यापासून मात्र होत नाही. आणि त्या किनाऱ्यावरचा पारंपरिक मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तेथेच पोट भरतो. त्याला नाशिकहून उपदेश करणे सोपे आहे. होम-स्टे, बोट आणि वाटाड्याचे काम यांतून त्याच्या घरात बारा महिन्यांचे उत्पन्न आले, तर कदाचित उपदेशाची गरजही उरणार नाही.

चांगल्या हेतूने समुद्रात टाकलेली वस्तू कशी उलटते, याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आहे. १९७० च्या दशकात तेथे माशांना आसरा म्हणून सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात सोडण्यात आले. त्यांना बांधणारे पट्टे गंजून तुटले, टायर लाटांबरोबर वाहू लागले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळून त्यांनी त्याचीच नासधूस केली. ते बाहेर काढण्याचे काम पुढे लष्कराच्या पाणबुड्यांना करावे लागले. युद्धनौका टायरांसारखी वाहून जात नाही, हे खरे. परंतु ती आधी किती स्वच्छ केली, यावर सारे आहे.

आता आपल्या घरातील प्रश्न. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मुले तारकर्लीला जातात, आणि परत आल्यावर पाण्याखाली काढलेली चित्रफीत आजीला दाखवतात. आजी विचारते, “अरे, अपकायाची एवढी विराधना कशासाठी?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब असंख्य अपकाय जीवांचा आश्रय आहे, असे मानणारी आपली परंपरा. साधू-साध्वी सचित्त पाण्याला स्पर्शही करीत नाहीत. श्रावकाला तेवढे शक्य नसते, म्हणून त्याला अणुव्रते आणि गुणव्रते दिली. त्यांपैकी अनर्थदंडविरमण म्हणजे निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहणे. केवळ मौजेसाठी, केवळ छायाचित्रासाठी समुद्रात उतरणे या व्रताच्या कक्षेत येते, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. आपण वॉटर पार्कमध्ये तासन्‌तास घालवतो आणि समुद्राच्या वेळी मात्र अपकाय आठवतो, ही विसंगतीही तितकीच खरी.

दुसरे गुणव्रत क्वचितच कोणाला या संदर्भात आठवते. दिक्‌परिमाण व्रत घेताना श्रावक चार दिशा-विदिशांची मर्यादा घालतो, तशीच ऊर्ध्व आणि अधो दिशांचीही घालतो. विमानप्रवासामुळे ऊर्ध्व दिशेचा विचार अलीकडे होऊ लागला. अधो दिशेचे काय? विहीर, तळघर, फार तर खाण, एवढाच खाली उतरण्याचा विचार आपल्या वडीलधाऱ्यांनी केला असेल. ज्यांनी हे व्रत घेतले आहे त्यांनी आपली मर्यादा किती हाताची किंवा मीटरची आहे हे उतरण्यापूर्वी पाहावे. भरात मर्यादा ओलांडणे हा अतिचार शास्त्रकारांनी ऊर्ध्व, अधो आणि तिर्यक अशा तिन्ही दिशांसाठी सांगितला आहे.

जो उतरणारच आहे, त्याच्यासाठी यतनेचा मार्ग उरतो, आणि येथे एक नवलाची गोष्ट आढळते. उत्तम पाणबुडा कोण, असे कोणत्याही प्रशिक्षकाला विचारले तर तो सांगेल, जो कशालाही स्पर्श करीत नाही. शरीर वर तरंगू नये आणि खाली तळाला टेकू नये, असे श्वासाच्या मापाने अधांतरी ठेवणे ही या विद्येतील पहिली परीक्षा. पायातील वल्ह्यासारख्या पंखांचा एक फटका प्रवाळाची अनेक वर्षांची वाढ मोडू शकतो आणि गाळ उडवून सूक्ष्म जीवांना गाडू शकतो. ईर्यासमिती जमिनीवर चालण्यासाठी सांगितली. पाण्याखाली तिचे पालन अधिक कठीण आहे. शंख-शिंपले वर आणू नयेत, रिकामे दिसले तरीही. त्यांत बहुधा कोणी राहत असते. आणि माशांना ब्रेड अजिबात टाकू नये. पाहुण्यांच्या हातात ब्रेड देऊन मासे जवळ बोलावण्याची रीत काही ठिकाणी दिसते. तळ्यावर पिठाच्या गोळ्या टाकणाऱ्या आपल्या मंडळींना ते पुण्यकर्म वाटते. पण शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारा मासा ब्रेडच्या नादाने ते काम सोडतो, माणसाला घाबरेनासा होतो, आणि मग ब्रेडऐवजी गळ आला तरी तसाच जवळ येतो.

शरीराबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. त्या दाबाने घेतलेली हवा वर येताना फुगते. म्हणून पाण्याखाली श्वास रोखणे हा सर्वांत घातक प्रमाद. प्राणायामाचा सराव असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कुंभक तेथे चालत नाही. सर्दी झाली असेल तर कानांतील दाब सारखा होत नाही, त्या दिवशी बोट सोडून द्यावी. दमा, हृदयविकार, फिट्स असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा विचारही करू नये. प्रशिक्षकाचा हात धरून अर्धा तास उथळ पाण्यात उतरणे निराळे, आणि नौकेपर्यंत जाणे निराळे. प्राथमिक प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचे असते. त्याहून खोल जाण्यासाठी पुढचे प्रशिक्षण लागते. आधी पोहणे तरी नीट यावे. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावात एक उन्हाळा घालवला, तर तारकर्लीला घाबरण्याचे निम्मे कारण संपते.

कोकणचे पाणी इंग्लंडसारखे थंड नाही. ते बहुधा २६ ते ३० अंशांवर असते. पण पाऊण तासानंतर तेथेही थंडी वाजते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र कोणाला उतरू देत नाही, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या काळात हा प्रश्न फारसा उपस्थित होत नाही.

तपस्येचा विचार मात्र हंगामातही करावा. चौविहार उपवासाच्या दिवशी किंवा पारण्याच्या दिवशी खोल पाण्यात उतरू नये. दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर हळूहळू बाहेर पडावा लागतो. तो बुडबुड्यांच्या रूपाने सांध्यांत किंवा मज्जारज्जूत अडकला, तर होणाऱ्या विकाराला डिकंप्रेशन सिकनेस म्हणतात. शरीरात पाणी कमी असणे या विकाराला पोषक मानले जाते. याच कारणाने खोल उतरल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये असे सांगतात. विमानाचे सर्वांना ठाऊक असते, घाटाचे नसते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि खुद्द नाशिक ६०० मीटरच्या आसपास. सकाळी नौका पाहून दुपारी गाडी घाटाला लावणे म्हणजे शरीराला थोड्या प्रमाणात विमानाचाच प्रवास घडवणे होय. तेव्हा शेवटचा दिवस पाण्याविना ठेवावा. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला आहे, बाजार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून घाट चढावा. कोल्हापूरच्या पुढे हातकणंगल्याजवळ कुंभोजगिरी वाटेतच आहे. दर्शन करून सूर्यास्तापूर्वी तेथे भोजन होते.